चार बोटांचा अटलांटिक

मामा,

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी काय केलं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. चहाचे कप गोळा केले, आत गेले आणि आतच राहिले. बाहेर मांडवात तुमचे मित्र बोलत होते. कुणी म्हणालं, बाबू पेंटरची पाटी लागली की दुकान आपोआप चालायचं. कुणी सांगितलं, तुम्ही सकाळी एका पक्षाच्या पुढाऱ्याचं चित्र भिंतीवर काढलंत, दुपारी तीच भिंत दुसऱ्या पक्षाने घेतली, तर तुम्ही त्याच चेहऱ्यावर नुसती टोपी बदलून दिलीत. लोक हसत होते. तुमच्या कार्यक्रमात लोक हसत होते, मामा, आणि मामीलाही त्याचं वाईट वाटलं नाही. ती आत आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय करून राहिली माय? किती धुशील ते कप? दांडे गळून पडतील."

मी बोलले असते तर एकच गोष्ट बोलले असते, आणि ती मांडवात बोलण्यासारखी नव्हती. ती तुम्हालाच विचारायची होती. बारा वर्षांची असताना मी एका शाळेत, हेडमास्तरांसमोर, तुमची चूक काढली. तेव्हा तुम्हाला लागलं होतं का? त्यालाही आता बारा वर्षं झाली. तेवढी सगळी वर्षं मी हा प्रश्न पुढच्या भेटीवर ढकलत आले.

आपलं नातं मुळात उन्हाळ्याचं. आम्ही नांदेडला, तुम्ही लातूरला. परीक्षा संपली की आई मला एस.टी.त बसवायची आणि तुम्ही लातूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायचात. मी कमी बोलायची. बाकीचे नातेवाईक विचारायचे, "ही बोलत कामून न्हाई? इंग्लिश शाळेत जीभ जमा करून घेतात का?" तुम्ही म्हणायचात, "बघती ना ती. बोलणारे लई हायत. बघणारं एखादंच असतं." मग मला उद्देशून, "चला मॅडम."

घराच्या पुढच्या खोलीत रंगाचे डबे, मागच्या खोलीत मामी, आणि टर्पेंटाइनचा वास दोन्हीकडे. शाळेत मराठी हा माझा सगळ्यात कच्चा विषय होता. अक्षरांशी खरी ओळख झाली ती तुमच्या मागे स्टुलावर बसून. 'ळ' तुम्ही ब्रश न उचलता एका झटक्यात काढायचात आणि लगेच मागे वळून बघायचात, कुणी पाहिलं का म्हणून. मी पाहिलेलं असायचं.

क्लासवाल्यांची चलती सुरू झाली तेव्हा तुमचीही झाली होती. फ्लेक्स यायच्या आधी गुणवत्ता यादीतल्या मुलांचे चेहरे तुम्हीच हाताने रंगवायचात. पासपोर्ट फोटोवर चौकोन आखायचे, भिंतीवर मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन भरत जायचं. मी फार लहान होते, पण एवढं मला तेव्हाही दिसलं होतं की सगळ्या मुलांचा भांग सारखा आहे आणि सगळ्या मुली मामीसारख्या दिसतात. मी विचारलं तर म्हणालात, "लातूर पॅटर्न हाय हा. सगळे सारखेच निघतात." एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले होते, आमच्या पोरीचं नाक असं नाही म्हणून. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा दिलात आणि सांगितलंत, "बारावीला अजून मार्क पडू द्या, तवा नाक दुरुस्त करतो."

मग फ्लेक्स आले आणि चेहऱ्यांचं काम गेलं. शाळांच्या भिंती मात्र तुमच्याकडेच राहिल्या. पाढे, बाराखडी, फळं, प्राणी आणि नकाशे.

नकाशांची सुरुवात भूकंपापासूनची. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, आणि तुम्ही त्याबद्दल जवळजवळ बोलतच नसत. मामी सांगायची, की गावं पडली तेव्हा तुम्ही ऐन विशीत होतात. ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन गेलात आणि पत्र्याच्या तात्पुरत्या घरांवर माणसांची नावं लिहीत राहिलात, म्हणजे शोधत येणाऱ्या नातेवाइकांना घर सापडावं. आठवडेच्या आठवडे. तुम्ही स्वतः त्यातलं फक्त एक वाक्य सांगायचात: "पत्र्यावर रंग धरत न्हाई." पुढे गावं नव्या जागी वसली, शाळा उभ्या राहिल्या, आणि तुम्ही एकेका शाळेत जगाचा नकाशा काढायला लागलात. कुणी जगाचा नकाशा मागितला नव्हता. महाराष्ट्राचा मागितला होता. मी एकदा विचारलं, जगाचा का? तर म्हणालात, "जमीन हलली म्हणून पोरं भ्यालेली होती. त्यांना म्हणलं, बघा, केवढी मोठी हाय ती. कुठं जाते?"

हे वाक्य माझ्या मनात फार दिवस अडकून बसलं, ते का, ते पुढे सांगते.

सहावीच्या उन्हाळ्यात तुम्ही मला औसा तालुक्यातल्या अशाच एका नव्या गावी नेलंत. जुना नकाशा फिका झाला होता, त्यावर परत रंग द्यायचा होता. तुमच्या लूनावर मी मागे बसले होते आणि माझ्या मांडीवर निळ्या रंगाचा डबा. तो निळा जयंतीच्या कमानीतून उरलेला असायचा. तुमच्या सगळ्या समुद्रांचा रंग तोच. मामी म्हणायची, "ह्यांच्या समुद्राला पण जयंतीचं आमंत्रण असतं."

गाव सरळ रेषेत आखलेलं होतं. सारखे रस्ते, सारखी घरं. नव्या गावांतल्या शाळाही एकाच साच्याच्या होत्या, आणि तिथेच सगळी गंमत होती. वर्गाच्या मागच्या भिंतीत, जिथे नकाशा काढायचा, तिथे मधोमध खिडकी. खिडकी बरोबर अरबी समुद्राच्या जागी यायची आणि अर्धी आफ्रिका आणि थोडा भारत खायची. दुसऱ्या एखाद्या पेंटरने नकाशा लहान केला असता. तुम्हाला ते पटेना. भारत खिडकीच्या चौकटीत कापला जाणं तुम्हाला चालणार नव्हतं, आणि भारत लहान काढणं तर त्याहून नाही. म्हणून भारत तुम्ही खिडकीच्या उजवीकडे ऐसपैस काढलात आणि आफ्रिका डावीकडे सरकवलीत. डावीकडे दक्षिण अमेरिका होती. तिच्या पलीकडे भिंतीतलं कपाट, त्यामुळे तिला हलायला जागा नव्हती. आफ्रिका सरकत सरकत जाऊन तिला चिकटली.

ते सांगताना तुमचे डोळे कसे झाले होते, मामा! तुम्ही मला भिंतीजवळ नेलंत आणि ब्राझीलच्या पुढे आलेल्या नाकावर बोट ठेवलंत. मग आफ्रिकेच्या आत गेलेल्या खोबणीवर. "हे बघ. मी नुसती सरकवली. बसली आपली आपण. दाराला चौकट बसावी तशी. पहिल्या शाळेत बसली तवा मला वाटलं माझाच हात चुकला. दुसऱ्या शाळेत मुद्दाम नीट मोजून काढली. तिथंबी बसली!"

हेडमास्तर बाजूला उभे होते. खिचडी शिजवणाऱ्या बाया दारात होत्या. आणि मी, जी कुणासमोर तोंड उघडत नसे, ती बोलले. आमच्या शाळेत नुकतीच नकाशावर टेस्ट झाली होती आणि मला पैकीच्या पैकी मिळाले होते. मी म्हणाले, "मामा, हे चूक आहे. इथे अटलांटिक ओशन असतो. तुम्ही अख्खा महासागर विसरलात."

हेडमास्तर मोठ्याने हसले. "इतकी वर्षं झाली, आमच्यापैकी कुणाला दिसलं न्हाई बघा! पेंटर, भाची हुशार हाय तुमची."

तुम्ही भिंतीकडे बघत राहिलात. मग मला विचारलंत, "किती रुंद असतो?"

"खूप," मी म्हणाले.

इकडे खिडकी, तिकडे कपाट. तुम्ही दोन्हीकडे बघितलंत. मग चार बोटं जोडून भिंतीवर आडवी ठेवलीत, दोन बोटं ब्राझीलवर, दोन आफ्रिकेवर, आणि वरून खालपर्यंत निळी पट्टी ओढलीत. ब्राझीलचं नाक गेलं, आफ्रिकेची खोबण बुजली. "एवढ्यात भागेल का, मॅडम?"

मी मान हलवली. परत येताना तुम्ही लूनावर काही बोलला नाहीत. कदाचित रस्ता खराब होता म्हणून. कदाचित नाही.

त्या दिवसानंतर तुम्ही प्रत्येक काम मला दाखवायला लागलात. मी नांदेडला असले तर फोनवर पाटीचा फोटो पाठवायचात. 'मॅडम, तपासा.' साडीच्या दुकानाची पाटी, ज्युनिअर कॉलेजचा फलक, एकदा तर ट्रकच्या मागचा शेर. मला कळायचं नाही की हा विश्वास आहे की मी तुम्हाला घाबरवून ठेवलंय. ज्या माणसाने पत्र्यावर शेकडो नावं एकही चूक न करता लिहिली, तो आता 'गणपती किराणा' मला विचारून लिहितो, हे मला कसंतरी वाटायचं. मी लिहायची, 'बरोबर आहे, मामा.' तुमच्या पाट्यांत चूक कधी सापडलीच नाही.

मग नववीत भूगोलाच्या पुस्तकात एका कोपऱ्यात छोटं चित्र आलं. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका. चिकटलेल्या. नाक खोबणीत बसलेलं.

मामा, मी ते पान बघितलं आणि पुस्तक मिटून टाकलं. बाई शिकवत होत्या की कोट्यवधी वर्षांपूर्वी ह्या सगळ्या जमिनी एकत्र होत्या, मग तुटल्या आणि दूर गेल्या. एका जर्मन माणसाने हे शंभर वर्षांपूर्वी सांगितलं, आणि त्यालाही पहिल्यांदा नकाशावर हेच दिसलं होतं की हे दोन काठ एकमेकांत बसतात. तो दगडांचा अभ्यासक नव्हता, हवामानाचा होता. मोठमोठे लोक त्याला हसले. तो बर्फातल्या एका मोहिमेत वारला आणि त्याचं म्हणणं पटायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. मी ऐकत होते आणि मला हेडमास्तरांचं हसणं ऐकू येत होतं.

त्या उन्हाळ्यात तुम्हाला सांगायचं ठरवून आले. सांगितलं नाही. आधी वाटलं, आता सांगितलं तर तो दिवस परत निघेल. मग तुमचं ते वाक्य आठवलं, "केवढी मोठी हाय ती, कुठं जाते?" भ्यालेल्या पोरांना धीर यावा म्हणून तुम्ही भिंतीवर जमीन काढली होती, आणि मी येऊन सांगणार होते की मामा, ती जाते. सगळी जाते. अजून जातेय. त्यापेक्षा गप्प बसणं मला सोपं गेलं. गप्प बसणं मला नेहमीच सोपं जातं.

दहावीनंतरची तीन वर्षं मी लातूरलाच होते, क्लासच्या होस्टेलवर, एका खोलीत चौघी आणि भिंतीवर चार वेळापत्रकं. रविवारी तुम्ही मामीचा डबा घेऊन यायचात. गेटवरचा वॉचमन विचारायचा, पोरगी कितवीला, आणि तुम्ही म्हणायचात, "कितवीला ते माहीत न्हाई, पण सगळं बघून ठेवती." दोनदा परीक्षा दिली, दोनदा मेडिकलचा नंबर लागला नाही. घरात सुतक असल्यासारखं झालं. मी नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा आईने तुम्हाला फोन करून सांगितलं, ते सुद्धा हळू आवाजात. तुम्ही एवढ्या जोरात हसलात की मला बाजूच्या खोलीत ऐकू आलं. "म्हणजे डॉक्टरच की! दगडाची! पेशंट ओरडणार न्हाई, नातेवाईक भांडणार न्हाईत."

आमच्यातला सगळ्यात आनंदी माणूस त्या दिवशी तुम्ही होतात. तरी मी सांगितलं नाही.

आता सांगते. ऐका.

आपला भारत आफ्रिकेच्या बाजूला होता, मामा. त्या मोठ्या एकत्र जमिनीचं नाव गोंडवन. ती फुटली, ब्राझील एकीकडे गेलं, आफ्रिका एकीकडे, आणि भारत एकटा उत्तरेला निघाला. त्या प्रवासात वाटेत जमीन फाटून लाव्हा वर आला, थरावर थर साचले. आपल्या लातूरच्या विहिरीत जो काळा दगड लागतो, तो हाच. तो लाव्हा धर्माबादकडे जाता जाता संपतो. तिथे, मामीच्या माहेरी, लागतो गुलाबी ठिपक्यांचा दगड, तिच्या वरवंट्याचा. तो लाव्ह्याच्या किती आधीचा आहे ते सांगायला आकडे कमी पडतात. भारत आफ्रिकेला चिकटलेला असताना तो होताच. म्हणजे मामीचं माहेर लातूरपेक्षा फार जुनं आहे. हे मी तिला परवा सांगितलं. ती म्हणाली, "मी लग्नापासून सांगून राहिले ह्यांना. ऐकलं का कधी?"

आणि हो, अजून सरकतोय. वर्षाला साधारण दोन-तीन बोटं, नखं वाढतात तशी. पुढे हिमालय आडवा, म्हणून ताण साचतो, आणि तो ताण कधी तरी आपल्या इथेही सुटतो. तसा तो सुटला होता. पत्र्याच्या घरांवर तुम्ही नावं लिहिलीत त्या दिवसापासून आजपर्यंत आपण सगळे मिळून, घरंदारं, विहिरी, क्लास, होस्टेलं घेऊन, दीडएक मीटर उत्तरेला गेलोय. तुमच्या खांद्यापर्यंत येईल एवढं. कुणाचा कप सांडला नाही.

तुमचा नकाशा चुकला नव्हता. तो फक्त आजचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर कुठल्याच एका काळाचा नव्हता, कारण आफ्रिका तुम्ही जुन्या जागी ठेवलीत आणि भारत आजच्या. तुमचा नकाशा एकाच भिंतीवर दोन काळांचा होता. ही चूक म्हणून सांगत नाही. तपासायला सांगितलं होतंत म्हणून सांगते.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मामी आणि मी पुढची खोली आवरत होतो. मला कोपऱ्यात निळ्या रंगाचे रिकामे डबे सापडले, एकात एक घातलेले, नऊ-दहा तरी असतील. मी म्हणाले, एवढा निळा कशाला लागला?

"ते होय," मामी म्हणाली. "तू सहावीत होतीस बघ. तू नांदेडला गेलीस आणि हे दुसऱ्या दिवशी लूना काढून निघाले. म्हणलं, काम लागलं का? म्हणले, न्हाई. कुणी बोलावलं का? न्हाई. मग कुठं चाललात उन्हाचं? तर म्हणले, समुद्र ऱ्हायला."

"कुठल्या शाळेत?"

"कुठल्या काय, सगळ्या. जितक्या गावांत नकाशे काढले होते तितक्या. पंधरा दिस चालू होतं. निळे हात घेऊन जेवायला बसायचे."

मी आधी हसले. मग हसू थांबलं. म्हणजे मी एका भिंतीवर नाही, सगळ्याच भिंतींवर तुमची चूक काढली होती, आणि तुम्ही ती एकटे, न बोलावता, उन्हातान्हात दुरुस्त करत फिरलात. एकेका शाळेत ब्राझीलची दोन बोटं, आफ्रिकेची दोन बोटं. जे तुम्हाला स्वतःला दिसलं होतं, स्वतः मोजून खात्री केली होती, ते स्वतःच्याच हाताने बुजवत. शरमेने? मामीला विचारलं तर ती म्हणाली, "ते कधी शरमलेले मला तरी दिसले न्हाईत. पण मला दिसावं असं ते काही करतबी नव्हते."

म्हणून मी गेले. एकटी, निलंग्याकडच्या एका गावात, जिथे मी आधी कधी गेले नव्हते. शाळेत नकाशा होता. रंग उडालाय, पण निळी पट्टी अजून ठसठशीत आहे. खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी तिथे पहिल्यापासून आहेत. मी विचारलं, हा समुद्र नंतर घालायला एक पेंटर आले होते, आठवतं का?

"हाव, आले होते की. लूनावर. सरांनी विचारलं, रंगकाम निघालं का? तर म्हणले, न्हाई, एक चूक ऱ्हायलीया, ती काढाय आलो."

"चूक कुणी दाखवली ते बोलले का?"

"आता ते मला काय ठाव माय? मी खिचडी बघत होते."

"हसत होते का ते? की नाराज होते?"

मावशींनी खरंच आठवून बघितलं. "भिंतीकडं तोंड होतं त्यांचं. मला पाठच दिसत होती."

तेवढंच. तुमची पाठ. मी निघणार होते. पण वर्गावरच्या सरांनी मी काय शिकते ते विचारलं आणि टाळी वाजवली. "भूशास्त्र? मग बोला की चार शब्द पोरांशी." मी इकडेतिकडे बघितलं. धुवायला कप नव्हते.

तीसेक मुलं, तिसरी-चौथीची. मी फळ्यावर चित्र काढत बोलायला लागले, मुलांपेक्षा फळ्याशीच जास्त. सगळी जमीन एकत्र होती. मग ती फुटली. एक मुलगा म्हणाला, "ताई, आता बी सरकून राहिलो का आपण?" मी हो म्हणाले, आणि सगळ्या वर्गाने एकदम बाकं धरली. मला वाटलं, ज्याची भीती होती तेच झालं. पण ती बाकं धरून हसत होती. दुसरा म्हणाला, "आमचं गाव तर ट्रकमधनं सरकलंय. आजी सांगती माझी." त्यावर सगळे आणखी हसले. मला तुम्हाला सांगावंसं वाटलं, मामा: ही भीत नाहीत. तुम्ही रंगवलेल्या भिंतींपाशी बसून मोठी झालेल्यांचीच ही पोरं.

मला जरा धीर आला. मी भारत तोडला, एकटा समुद्रात सोडला, बाण काढत काढत वर नेला आणि आशियाला नेऊन लावला. हिमालय उभा केला. मागे वळले. बरं जमलं होतं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, चौथीची. "ताई, चुकलं."

"काय चुकलं?"

"श्रीलंका. तुम्ही तिला घेतलीच न्हाई. तिकडंच ऱ्हायली की ती."

वर्ग फुटला. सर ओरडले, "ए, बस खाली! पाहुण्यांना असं बोलतात का?" मी फळ्याकडे बघितलं. खरंच नव्हती. पाच वर्षं भूशास्त्र शिकून, भारत इथून तिथे नेताना मी श्रीलंका आफ्रिकेजवळ विसरून आले होते. ती बरोबर आली होती, सगळ्या प्रवासभर.

आधी कान तापले. ते तर व्हायचंच. आणि मग, मामा, मला हसू आलं. हिनं बघितलं होतं. इतक्या पोरांत, विद्यापीठातून आलेली ताई बोलत असताना, सर शेजारी उभे असताना, हिनं चित्राकडे नीट बघितलं होतं आणि तिला राहवलं नव्हतं. मला शरम वाटायला हवी होती. मला तिच्या घरी जाऊन तिच्या आईला सांगावंसं वाटत होतं. "बसू नको," मी म्हणाले. "उभी राहा. तुझं नाव सांग सगळ्यांना." तिने नाव सांगितलं, मी खडू घेतला आणि प्रत्येक बाणाजवळ एकेक श्रीलंका काढत वर नेली. ती उभ्यानेच मोजत होती, एखादी सुटतेय का बघत.

संध्याकाळच्या नांदेड गाडीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. मी प्रवासात अनोळखी माणसांशी बोलत नाही. चाकूर येईपर्यंत कशीबशी गप्प बसले. मग राहवलं नाही.

"आज एका चौथीतल्या मुलीनं माझी चूक काढली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आगं, मग एवढं हसाय काय झालं?"

"सगळ्या वर्गासमोर काढली," मी म्हणाले.